दुखणाऱ्याचा शब्द

आजींनी मुलाचा जुना मलमलचा सदरा घातला होता आणि डाव्या बाजूला, छातीच्या खाली, तो चिमटीत धरून अंगापासून लांब ठेवला होता. बोलताना, पाणी पिताना, तपासणीच्या टेबलावर चढतानासुद्धा ती चिमूट सुटली नाही. चार महिन्यांपूर्वी त्यांना नागीण झाली होती. फोड सुकले, खपल्या पडल्या, डाग फिकट झाले, पण आग राहिली. “पदर लागला तरी निखारा ठेवल्यागत होतं,” त्या म्हणाल्या. मी रोजचा प्रश्न विचारला: शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही, तर तुमचं किती? आजींनी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आता ते आकड्यात कसं सांगू, बाई?”

मुलगा रिपोर्टांची जाडजूड पिशवी घेऊन आला होता. पाठीचा एमआरआय, छातीचा एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या. सगळं नॉर्मल. तो आईवर चिडलेला नव्हता, थकलेला होता. आईला बाहेर बाकावर बसवून तो परत आत आला आणि दार लावून घेत म्हणाला, “मॅडम, हल्ली मेंदूचा स्कॅन काढून कळतं ना, खरंच दुखतंय का ते? खर्चाचं बघू नका.”

त्या दिवशी मी त्याला दोन मिनिटांत जे सांगितलं ते चुकीचं नव्हतं, पण फार अपुरं होतं. बाहेर पंधरा माणसं खोळंबली होती. हे पुस्तक म्हणजे त्याला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे, आणि ही प्रस्तावना त्या उत्तराची रूपरेषा.

मी भूलतज्ज्ञ. माणसाला झोपवणं आणि सुखरूप उठवणं हे माझं मूळ काम. पुढे मी वेदनेच्या उपचारांकडे वळले आणि ‘पेन ओपीडी’ हेच मुख्य काम होऊन बसलं. इथे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात अशी पिशवी असते आणि जवळजवळ प्रत्येकाला कुणीतरी, कधीतरी, “काही नाही, मनाचं आहे” असं सांगितलेलं असतं. ताप असला तर थर्मामीटर साक्षीला येतो. साखर वाढली तर बोटातला रक्ताचा थेंब बोलतो. दुखण्याच्या बाजूने बोलणारं असं काही नाही. दुखणारा म्हणतो म्हणून दुखतं, आणि समोरच्याने ते मानायचं असतं. ते मानलं जात नाही तेव्हा काय होतं, हे मी चाळीस वर्षं पाहते आहे. म्हणून यंत्राची आस लागलेल्या त्या मुलाला मी कधीच नावं ठेवणार नाही. मलाही ती आस होती.

ही आस जुनी आहे. १९४०च्या दशकात न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठात जेम्स हार्डी, हॅरॉल्ड वूल्फ आणि हेलन गुडेल या तिघांनी वेदना मोजायचं एक यंत्र तयार केलं होतं. कपाळाला काळी शाई फासायची, म्हणजे त्वचेचा मूळ रंग कुठलाही असो, उष्णता सारखीच शोषली जाते; मग प्रखर दिव्याचा झोत भिंगातून बरोबर तीन सेकंद त्या काळ्या ठिपक्यावर सोडायचा आणि कोणत्या उष्णतेला टोचल्यासारखं दुखतं ते नोंदायचं. त्यांनी हे सगळं आधी स्वतःच्या कपाळावर करून पाहिलं. पायरीपायरीने झोत वाढवत त्यांनी वेदनेचं एकक ठरवलं आणि त्याला ‘डॉल’ असं नाव दिलं. पुढे प्रसूतीच्या कळा सोसणाऱ्या बायकांच्या हातावर, दोन कळांच्या मधल्या वेळात, हा झोत टाकून “आत्ताची कळ एवढी होती का?” असंही विचारलं गेलं. मला हे वाचताना त्या बायकांचा हात आधी आठवतो आणि शास्त्र नंतर. पण त्या तिघांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. त्यांना वाटलं होतं की वेदना ही उष्णतेसारखीच एक राशी आहे आणि नीट मोजपट्टी लावली की ती मापात बसेल.

त्याच सुमारास, १९४४ साली, इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाचा अमेरिकन भूलतज्ज्ञ जखमी सैनिकांवर उपचार करत होता. फुटलेली हाडं, फाटलेली पोटं. त्याने विचारलं, दुखणं थांबवायला औषध हवंय का? शुद्धीत असलेल्या, बोलू शकणाऱ्या जखमींपैकी जेमतेम एक चतुर्थांश ‘हो’ म्हणाले. तेवढीच जखम शस्त्रक्रियेच्या टेबलावर झालेले नागरिक मात्र औषध मागत. सैनिकासाठी जखम म्हणजे रणातून जिवंत सुटका होती, घरी जायचं तिकीट होतं. जखमेचा आकार आणि वेदनेचा आकार यांचा मेळ बसत नाही, हे बीचरने १९४६ साली लिहून ठेवलं. दिव्याच्या झोताची मोजपट्टी पुढे मागे पडली, त्यात त्याच्या या निरीक्षणाचा आणि नंतरच्या टीकेचा मोठा वाटा होता.

यंत्र हरलं तेव्हा शब्दांकडे वळणं आलं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली जी प्रश्नावली छापली, तिच्यात रुग्णांच्या तोंडचे ७८ शब्द २० गटांत लावलेले होते. तिचे तर्जुमे जगभर झाले. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, आपल्याकडे तर हे काम कुणी न करताच झालेलं आहे. गळवाला ठणका लागतो. दाढेतून कळ निघते आणि कानापर्यंत जाते. कंबरेत उसण भरते, पाठीत चमक येते, पोटात मुरडा पडतो, जखम ठसठसते, भाजलेलं हुळहुळतं, छातीत जळजळतं, पायाला मुंग्या येतात, काटा मोडून राहिला की सलतो, बाळंतपणात वेणा येतात. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. गळवाला चमक येत नाही आणि मुरडा काही दाढेत पडत नाही. नीट ऐकणाऱ्या डॉक्टरला यात निम्मं निदान मिळतं: ठणका म्हटलं की सूज किंवा पू, आग आणि मुंग्या म्हटल्या की मज्जातंतूची इजा. आजींनी ‘निखारा’ म्हटलं आणि कपड्याच्या स्पर्शाने होतं म्हणाल्या, तेव्हाच मला कळलं होतं की नागिणीच्या विषाणूने मज्जातंतू पोळून ठेवला आहे. पाठीच्या एमआरआयमध्ये ते दिसणार नव्हतंच.

इथे एक घोटाळा मोडून काढायला हवा, कारण तो रोज माझ्यासमोर येतो. गावोगावी आता एमआरआय निघतात, “गादी सरकली”, “नस दबली” हे शब्द पानाच्या टपरीवरही ऐकू येतात. हा एमआरआय रचना दाखवतो: हाड, चकती, मणका, गाठ. वेदना त्याला दिसत नाही. १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक पाहणी छापून आली. पाठ न दुखणाऱ्या ९८ माणसांचे पाठीचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या ५२ टक्के लोकांच्या निदान एका चकतीला फुगवटा होता. सर्व चकत्या धडधाकट असलेली माणसं फक्त ३६ टक्के. म्हणजे चित्रात दोष आणि अंगात दुखणं नाही, अशी माणसं रस्त्याने आपल्या शेजारून चालत असतात. त्याउलट आजी. चित्र स्वच्छ आणि अंगाची लाही.

मुलगा ज्या स्कॅनबद्दल बोलत होता तो निराळा. त्याला फंक्शनल एमआरआय म्हणतात. यंत्र तेच, पण त्याला विचारलेला प्रश्न वेगळा: मेंदूचा कुठला भाग आत्ता कामाला लागला आहे? याची किल्ली रक्तात आहे. ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन देऊन रिकामं झालेलं हिमोग्लोबिन चुंबकाशी वेगवेगळं वागतात, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरियेल यांनी १९३६ साली दाखवून दिलं होतं. त्यानंतर अर्धशतकाने, १९९० साली, अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये सेइजी ओगावा यांनी या फरकातून मेंदूचं चित्र काढता येतं हे सिद्ध केलं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त धावून येतं. लग्नघरात पंगत वाढली की वाढपी जसे गरजेहून जास्त पोळ्या आणून ठेवतात, तसं. रिकाम्या हिमोग्लोबिनचं प्रमाण त्यामुळे घटतं आणि यंत्राला मिळणारा संदेश किंचित उजळतो. बहुधा एखाद्या टक्क्याने, तोही चार-सहा सेकंदांच्या उशिराने. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण साठ हजार पट बळाच्या चुंबकात, कानठळ्या बसवणाऱ्या ठोक्यांत, माणसाने डोकं न हलवता पडून राहायचं, तेव्हा हा एक टक्का हाती लागतो. वर्तमानपत्रात छापलेल्या मेंदूच्या चित्रातले लालपिवळे डाग कॅमेऱ्याने टिपलेले नसतात. शेकडो वेळा केलेल्या मोजणीतून, गणिताने, “इथला फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही” एवढं ठरल्यावर त्या जागेला रंग दिलेला असतो. मी हे आवर्जून सांगते, कारण रंगीत चित्र पाहिलं की आपले हात आपोआप जोडले जातात.

वेदनेचं चित्र काढायला शास्त्रज्ञ बसले तेव्हा पहिली गोष्ट ही कळली की डोळ्यांना जसा मेंदूच्या मागच्या भागात स्वतःचा प्रदेश आहे तसा वेदनेला नाही. हातावर चटका बसला की मज्जारज्जूतून वर आलेला निरोप थॅलॅमसमध्ये पोचतो आणि तिथून एकाच वेळी अनेक ठिकाणी फुटतो. कुठे आणि किती हे ठरवणारे भाग वेगळे, ते नकोसं वाटणं वेगळ्या ठिकाणी, त्याचा अर्थ लावणं आणखी पुढे, कपाळामागे. यांतल्या इन्सुला आणि सिंग्युलेट या दोन भागांची नावं या पुस्तकात वारंवार येतील, ती आत्ताच ओळखीची करून ठेवावीत. या सगळ्या भागांच्या एकत्र उजळण्याला ‘वेदनेचं जाळं’ म्हणायची पद्धत पडली.

२०१३ साली टॉर वेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जाळ्यातून वेदनेची ‘सही’, म्हणजे तिची ओळखीची खूण, काढली. ११४ निरोगी माणसं, चार प्रयोग. हाताला चटका देणारा छोटा ठोकळा लावायचा. कधी नुसता कोमट, कधी दुखेल इतका गरम. प्रत्येक वेळी मेंदूचं चित्र घ्यायचं. मग संगणकाला शिकवायचं की हा नमुना दुखण्याचा, हा कोमट स्पर्शाचा. न पाहिलेल्या माणसांच्या चित्रांवरही संगणकाने दुखणं आणि कोमट स्पर्श यांतला फरक ९४ टक्के किंवा त्याहून जास्त वेळा बरोबर ओळखला. रेमिफेंटानिल हे मॉर्फिनच्या जातीचं औषध दिलं की ती सही फिकी झाली. एका प्रयोगात नुकताच प्रेमभंग झालेल्यांना सोडून गेलेल्या जोडीदाराचा फोटो दाखवला होता. त्या दुःखात आणि चटक्यात काही भाग सामाईक असूनही सहीने बऱ्याच अंशी दोन्ही वेगळे ओळखले. हा निबंध वाचला त्या रात्री मी फार वेळ जागी होते. वाटलं, आलं यंत्र.

सकाळी पुन्हा वाचताना एक गोष्ट लक्षात आली, आणि या पुस्तकातलं माझं सगळं म्हणणं तिच्याभोवती आहे. संगणकाला दुखणं काय हे शिकवलं कुणी? ठोकळा लावल्यावर प्रत्येक माणूस सांगत होता: हे नुसतं गरम, हे दुखलं, हे फार दुखलं. संगणकाने त्या सांगण्यावरून गिरवलं. त्याच्या अचूकतेची परीक्षाही त्याच सांगण्यावर झाली. म्हणजे हे यंत्र माणसाच्या शब्दावर उभं आहे. दुधातली फॅट मोजायचं यंत्र मोडलं तर दुसऱ्या यंत्राने तपासता येतं, पण इथे तपासायला माणसाच्या शब्दाखेरीज दुसरं काही नाही. मग ज्या शब्दाने ही मोजपट्टी आखली तोच शब्द खोटा, असं ती मोजपट्टी कोणत्या आधारावर म्हणणार?

ही माझी एकटीची शंका नाही. लंडनमध्ये काम करणारे जियानडोमेनिको इयानेत्ती आणि बेल्जियमचे आंद्रे मुरो हे अनेक वर्षं सांगत आले होते की ज्याला आपण वेदनेचं जाळं म्हणतो ते लक्ष वेधून घेणाऱ्या कुठल्याही घटनेने उजळतं. कानाशी फटाका फुटला तरी. २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जन्मापासून वेदनाच न जाणवणाऱ्या दोन माणसांना स्कॅनरमध्ये ठेवून टोकदार वस्तूने टोचलं. त्यांचं ‘वेदनेचं जाळं’ दुखणाऱ्या माणसांसारखंच उजळलं. दुखलं मात्र काहीच नव्हतं.

अशी माणसं असतात. केंब्रिजच्या जेफ्री वुड्स यांना उत्तर पाकिस्तानात एका मुलाबद्दल कळलं होतं. तो रस्त्यावर खेळ करायचा, दंडातून सुरी आरपार घालायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. चौदावा वाढदिवस होण्याआधीच छपरावरून उडी मारून तो गेला. त्याच्या नातलगांतल्या सहा मुलांच्या तपासणीतून २००६ साली एससीएन९ए या जनुकातला बिघाड सापडला आणि वेदना कमी करणाऱ्या औषधांच्या संशोधनाला नवी वाट मिळाली. ज्यांना दुखत नाही त्या मुलांच्या ओठा-जिभेवर स्वतःच्याच दातांच्या जखमा होत्या. दुखणं ही केवढी राखण आहे, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

विज्ञानाचा मला आदर वाटतो तो स्वतःच्याच निष्कर्षाकडे पाठ फिरवण्याच्या त्याच्या तयारीमुळे. रॉबर्ट कॉगहिल यांनी २००३ साली १७ माणसांवरच्या प्रयोगातून दाखवलं होतं की एकाच चटक्याला जो जास्त दुखलं म्हणतो, त्याच्या मेंदूतले काही भागही जास्त उजळतात. वेदनेबद्दलच्या माणसाच्या शब्दाला मेंदूने दिलेला दुजोरा म्हणून आम्ही सगळ्यांनी तो निबंध डोक्यावर घेतला. मी स्वतः व्याख्यानांतून तो कितीदा सांगितला असेल. २०२२ साली त्यांच्याच प्रयोगशाळेने १०१ माणसांवर तो प्रश्न पुन्हा विचारला. एकाच माणसात चटका वाढला की मेंदूचं उजळणंही वाढत होतं, हे खरं ठरलं. पण या माणसाला त्या माणसापेक्षा जास्त दुखतं का, हे मेंदूच्या चित्रावरून सांगता आलं नाही. आणि ओपीडीत, कोर्टात, विमा कंपनीच्या टेबलावर विचारला जाणारा प्रश्न नेमका हाच असतो.

मग या चित्रांनी दिलं काय? पुष्कळ दिलं, आणि पुस्तकाचा मोठा भाग त्यावरच आहे. इथे एकच प्रयोग सांगते, कारण त्याने माझं बोलणं बदललं. २०११ साली उल्रिके बिंगेल आणि ऑक्सफर्डच्या आयरीन ट्रेसी यांनी २२ निरोगी स्वयंसेवकांच्या पायावर चटके देत शिरेतून रेमिफेंटानिल सुरू केलं, पण सांगितलं नाही. दुखणं थोडं कमी झालं. मग सांगितलं, “आता औषध सुरू करतोय.” औषध तेवढंच, आराम दुप्पट. मग सांगितलं, “औषध थांबवलंय, आता दुखणं वाढेल.” औषध चालूच होतं, पण आराम जवळजवळ नाहीसा झाला. स्कॅनमध्ये मेंदूतही तसाच फरक दिसला. म्हणजे ही नुसती सांगण्यातली अतिशयोक्ती नव्हती, औषधाचा गुण खरोखर शब्दावर हलत होता. त्यानंतर “बघू, लागू पडलं तर पडलं” असं म्हणत मी कुणाच्या हातात चिठ्ठी दिलेली नाही. आजींनाही मी गोळी काय करते ते दहा मिनिटं समजावलं: पोळलेला तंतू उगाच बोंब मारतो आहे, ही त्याचा आवाज खाली आणते, तोंड कोरडं पडेल, झोप येईल, पंधरा दिवस धीर धरा. गोळी दिवसाला काही रुपयांची होती. महिन्याने त्या आल्या तेव्हा मी आकडा विचारला नाही. त्या लुगडं नेसून आल्या होत्या आणि दोन्ही हात मांडीवर होते.

जुनाट दुखण्याबद्दल चित्रांनी जे दाखवलं तेही सोपं नाही. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वानिया अपकारियन यांनी नव्याने पाठ धरलेल्या माणसांचा वर्षभर पाठपुरावा केला. ज्यांची पाठ सुटली नाही त्यांच्या मेंदूत दुखण्याचा वावर हळूहळू भावनांच्या भागांकडे सरकला. दुखणं तेच, पण मेंदूतला त्याचा पत्ता बदलला. म्हणून निरोगी तरुणाच्या हातावरच्या दहा सेकंदांच्या चटक्यातून काढलेली सही दहा वर्षं दुखणाऱ्या कंबरेला लावता येत नाही. २०२३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या प्रसाद शिरवळकर यांच्या गटाने वेगळा रस्ता धरला. पक्षाघातानंतरच्या किंवा तुटलेल्या अवयवाच्या वेदनेने गांजलेल्या चार रुग्णांच्या मेंदूत त्यांच्या संमतीने तारा बसवल्या आणि घरी राहून, दिवसातून अनेकदा, दुखणं किती हे त्यांनीच नोंदवत जायचं ठरलं. काही महिन्यांनी मेंदूच्या लहरींवरून त्या त्या माणसाच्या दुखण्याची भरतीओहोटी ओळखता येऊ लागली. प्रत्येकाची खूण थोडी निराळी होती. शिरवळकर हे आडनाव वाचून मला बरं वाटलं, हे लपवत नाही. पण मला जास्त भावलं ते हे की इथे यंत्र माणसाचा शब्द त्याच्याकडूनच, महिनोन्महिने, शिकत होतं.

कोर्टाचा विषय टाळता येत नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातल्या एका ट्रकचालकाचं मनगट वितळलेल्या डांबराने भाजलं. जखम भरली, दुखणं राहिलं. नुकसानभरपाईच्या दाव्यात त्याच्या बाजूने मेंदूचं स्कॅन पुढे आलं, न्यायाधीशांनी ते दाखल करून घेतलं आणि कंपनीने ८ लाख डॉलरवर तडजोड केली. त्या माणसाला न्याय मिळाला असेल तर मला आनंदच आहे. पण आज जे चित्र दुखणाऱ्याच्या बाजूने उभं राहतं ते उद्या त्याच्या विरोधात उभं करता येतं: ‘तुमचं जाळं उजळलं नाही, दावा फेटाळला.’ वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयएएसपीने, नेमलेल्या गटाने २०१७ साली स्पष्ट लिहिलं की जुनाट वेदनेचा दावा खरा की खोटा हे ठरवायला मेंदूचं चित्र वापरणं आजच्या ज्ञानाच्या आधारे योग्य नाही.

आपल्या राज्याने या वाटेचा चटका आधीच खाल्ला आहे. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोषी ठरवताना मेंदूच्या विद्युतलहरींवरून ‘आठवण’ ओळखण्याचा दावा करणाऱ्या चाचणीचा आधार घेतला आणि जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितलं की माणसाच्या संमतीविना नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग करता येणार नाही. तो निकाल गुन्ह्याच्या तपासाबद्दल होता. कामावर पाठ मोडून घेतलेल्या हमालाला कुणी “संमती दे, स्कॅन काढ, नाहीतर भरपाई विसर” म्हणालं, तर त्या संमतीला काय अर्थ उरतो याचा विचार आपल्या वकिलांनी आणि कामगार संघटनांनी आत्तापासून करायला हवा. तो दिवस येण्याआधी.

आता राहिले ते, ज्यांच्याकडे शब्दच नाही.

मी शिकत होते तेव्हा, ऐंशीच्या दशकात, नवजात बाळाला दुखत नाही असं आम्हाला शिकवलं गेलं. मेंदू अजून पिकलेला नाही, रडणं ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया. भूल जास्त झाली तर बाळ दगावेल ही भीतीही होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. त्यामुळे जगभर अनेक ठिकाणी स्नायू लुळे करणारं औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड एवढ्यावर तान्ह्या बाळांच्या शस्त्रक्रिया व्हायच्या. लुळं केलेलं बाळ रडू शकत नाही. नाडी मात्र धावते. ती चढत गेलेली मी पाहिली आहे, वरिष्ठांना विचारलंही आहे. “रिफ्लेक्स आहे,” एवढं उत्तर मिळालं आणि मी ते मानलं. ते मानण्याचं मला आजही वाईट वाटतं.

१९८७ साली कंवलजीत आनंद यांचे निबंध आले. इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातून ऑक्सफर्डला गेलेल्या या डॉक्टरने दाखवून दिलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल दिलं तर शरीरातल्या ताणाच्या हार्मोन्सची उसळी कमी होते आणि नंतरचे धोकेही कमी होतात. ऑपरेशन थिएटरमधली रीत बदलायला लागली. मेंदू पाहायला आणखी वेळ लागला. २०१५ साली ऑक्सफर्डमध्ये रेबेका स्लेटर यांच्या गटाने दहा नवजात बाळांना पाजून, दुपट्यात गुंडाळून, झोपलेली असताना स्कॅनरमध्ये ठेवलं आणि पावलाला बोथट टोकाने हलकंसं टोचलं. प्रौढांत उजळलेल्या २० भागांपैकी १८ बाळांतही उजळले. आणि प्रौढांना ज्या जोराने टोचावं लागलं, त्याच्या चौथाई जोरालाच बाळांच्या मेंदूने तसाच प्रतिसाद दिला.

वेदना न जाणवणाऱ्या त्या दोन माणसांचं चित्र मी वर सांगितलंच आहे, त्यामुळे एवढ्यावरून बाळाला काय जाणवलं हे मी शपथेवर सांगू शकत नाही. जिथे या यंत्राची सर्वांत जास्त गरज आहे तिथेच त्याला ताडून पाहायला शब्द नाही. पण निरोप मज्जारज्जूतूनच परत फिरतो हे आम्हाला शिकवलेलं खोटं होतं, हे ते चित्र नक्की सांगतं. आणि तेवढं माझ्यासाठी पुरेसं आहे. औषध देऊन मोकळं होणं इथे सोपंही नाही: अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तपासण्यांआधी मॉर्फिन देऊन पाहणारी ऑक्सफर्डची चाचणी श्वासावर परिणाम दिसल्यामुळे मध्येच थांबवावी लागली. म्हणून स्लेटर यांचा गट दुसऱ्याही वाटा शोधत राहिला. २०१८ साली त्यांनी मेंदूच्या लहरी मोजत, टोचण्याआधी बाळाच्या अंगावरून मऊ ब्रश फिरवून पाहिला. सेकंदाला साधारण तीन सेंटिमीटर, म्हणजे आई बाळाच्या अंगावरून सहज हात फिरवते त्या संथ गतीने फिरवला, तेव्हा टोचण्याला मेंदूने दिलेला प्रतिसाद कमी झाला. भरभर फिरवला तेव्हा झाला नाही.

आमच्या वॉर्डात टाचेतून रक्त घ्यायच्या आधी सिस्टर आता बाळाची पोटरी तळव्यावर घेतात आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन बोटं सावकाश नेतात, पुन्हा वर आणतात, पुन्हा नेतात. नवी मुलगी असली की घाई करते. मग मी शेजारी उभी राहून तिच्यासाठी सेकंद मोजते.